कॉलेजच्या डार्करूममध्ये आणि स्टुडिओत काम करताना काय सांभाळायचं

अप्लाइड आर्टला नाहीतर मास मीडियाला आलेल्या पोरांना डार्करूमचं भारी आकर्षण असतं, लाल लाईट, ट्रेमध्ये हळूहळू उमटत जाणारा फोटो, आणि ते असायलाच पाहिजे. फक्त एक गोष्ट लक्षात घ्या की ही खोली एकट्या माणसाची नाहीये. सकाळच्या बॅचने काय मिक्स केलं, कशात ओतून ठेवलं, कुठलं बटण ओल्या हाताने दाबलं हे दुपारच्या बॅचला माहीत नसतं. माझं स्पष्ट मत आहे की कॉलेजच्या लॅबमधले बरेचसे धोके इथूनच सुरू होतात, आधीच्याने सांगितलं नाही आणि नंतरच्याला कळलं नाही. म्हणून खालचं सगळं वाचताना तुमच्यानंतर आत येणारा किंवा येणारी डोळ्यासमोर ठेवा.

बाटल्यांपासून सुरुवात करू

फोटो डेव्हलपरमध्ये उमटतो, स्टॉप बाथ ते उमटणं थांबवतो आणि फिक्सर, म्हणजे हायपो, फोटो पक्का करतो. यातला फिक्सर दिसायला पाण्यासारखा असतो. रंग बदलून दाखवणारा इंडिकेटर नसलेला स्टॉप बाथ पण तसाच, ताजा डेव्हलपर पण जवळपास तसाच. आणि आपल्याकडे रिकामी बाटली दिसली की ती टाकून न देता तिच्यात काहीतरी भरून ठेवायची सवय घरापासूनच असते. इथे ती सवय पूर्ण बंद. पाण्याची, कोल्ड्रिंकची, ज्यूसची बाटली केमिकलसाठी वापरायचीच नाही, कितीही धुतली तरी नाही, वरचं लेबल फाडलं तरी नाही, "आजच्यापुरतं" सुद्धा नाही, कारण मे महिन्यात उन्हातून आलेला एखादा मुलगा टेबलावरची बाटली उचलून तोंडाला लावेल तेव्हा त्याला तुमचं आजच्यापुरतं माहीत नसणार. केमिकलच्या जाड, तपकिरी, घट्ट झाकणाच्या बाटल्या मिळतात त्याच घ्या.

प्रत्येक बाटलीवर मास्किंग टेप लावून काळ्या मार्करने लिहायचं: काय आहे, स्टॉक (मूळ दाट द्रावण) आहे की वर्किंग (वापरायला पातळ केलेलं), किती पातळ केलंय, कुठल्या तारखेला, कोणी. काळाच मार्कर का, तर लाल मार्करने पांढऱ्या टेपवर लिहिलेलं लाल सेफलाईटमध्ये, म्हणजे फोटोचा कागद खराब न करणाऱ्या मंद लाईटमध्ये, दिसतच नाही, टेप कोरी वाटते. ट्रे आणि मेजरिंग ग्लासवर पण नावं टाका आणि त्यात अदलाबदल करू नका. ज्या मेजरिंग ग्लासने हायपो मोजला त्यात चहा ओतून पिणारे लोक असतात, चेष्टा नाही करत. आत खाणं, पिणं, तंबाखू, च्युइंगम काहीच नाही, पाण्याची बाटली सुद्धा दाराबाहेर ठेवायची.

आपल्याकडे डेव्हलपर २० डिग्रीला ठेवणं हेच एक काम असतं. उन्हाळ्यात नळाचं पाणीच तिशीला टेकतं, मग पोरं बर्फ आणतात. बर्फ बाहेरच्या टबात टाकायचा आणि टाकी (जिच्यात फिल्म डेव्हलप करतात ती) किंवा बाटली त्या टबात उभी करायची, आणि उरलेला बर्फ सरबतासाठी परत न्यायचा नाही, टाकून द्यायचा. केमिकलच्या बाटल्या कँटीनच्या किंवा हॉस्टेलच्या फ्रीजमध्ये ठेवणं तर अजिबातच नाही.

मिक्स करताना

तयार ट्रेमध्ये काम करण्यापेक्षा केमिकल मिक्स करणं जास्त धोक्याचं असतं, कारण तेव्हा सगळं दाट आणि कोरडं असतं. डी-७६ सारख्या डेव्हलपरच्या पावडरीत मेटॉल, हायड्रोक्विनोन, सल्फाइट असतं, ती पावडर उडून नाकात आणि डोळ्यात जाते. म्हणून मिक्स करताना पांढरा लाईट चालू, डोक्यावरचा पंखा बंद, एक्झॉस्ट चालू, डोळ्यांवर गॉगल, म्हणजे लॅबचा, उन्हाचा नाही, तोंडावर एन-९५ मास्क आणि हातात नायट्राइलचे ग्लोव्ह्ज. आधी पाणी घ्यायचं, ५० ते ५५ डिग्रीचं, आणि पावडर त्यात थोडी थोडी सोडायची, पॅकेट उंचावरून झटकायचं नाही. कॉन्टॅक्ट लेन्स घालत असाल तर त्या दिवशी चष्मा लावून या.

स्टॉप बाथसाठी कपाटात ग्लेशियल ॲसेटिक ॲसिड असेल तर त्याला स्टुडंटने हात लावू नये असं मला वाटतं, लॅबचे मामा किंवा सर यांनीच ते पातळ करून द्यावं. ते जवळजवळ शंभर टक्के ॲसिड असतं, कातडी भाजते, वाफेने घसा धरतो. एक लिटर पाण्याला साधारण १५ मिली पुरतं, एवढंच. आणि ॲसिड पाण्यात टाकायचं, पाणी ॲसिडमध्ये नाही, कारण उलटं केलं तर ते तडतडून अंगावर येऊ शकतं. अजून एक, हे ॲसिड ४० डिग्रीच्या आसपास पेट घेण्याइतकी वाफ सोडायला लागतं, नागपूर-अकोल्याकडे मे महिन्यात बंद स्टोअररूम एवढी आरामात तापते, तेव्हा ते सावलीत, खालच्या कप्प्यात, स्विचबोर्डपासून लांब ठेवा. उलट थंडीत साडेसोळा डिग्रीच्या खाली ते गोठतं, नाशिकला जानेवारीत बाटली दगड झालेली दिसेल. ती गॅसवर किंवा हीटरवर ठेवायची नाही, कोमट पाण्याच्या बादलीत ठेवली की सुटते.

यापेक्षा सोपा रस्ता म्हणजे सायट्रिक ॲसिडचा स्टॉप बाथ. किराणा दुकानात लिंबूसत्व म्हणून मिळतं तेच, लिटरला १५ ग्रॅम. वास नाही, वाफ नाही, काम तेच करतं. प्रत्येक कॉलेजने हेच वापरावं असं मी ज्याला त्याला सांगत असतो.

हात आणि हवा

मेटॉलची ॲलर्जी ही गोष्ट नीट समजून घ्या. पहिल्या महिन्यात काही होत नाही, दुसऱ्यात काही होत नाही, मग एक दिवस बोटांच्या बेचक्यांमध्ये खाज सुटते, कातडी सोलते, चिरा पडतात. एकदा शरीराने मेटॉल ओळखलं की पुढे थोडासा स्पर्श झाला तरी परत उठतं आणि हे बहुतेक वेळा आयुष्यभर राहतं. काही लोकांना त्यामुळे डेव्हलपर बदलून मेटॉलऐवजी फेनिडोन असलेला घ्यावा लागतो. म्हणून ट्रेमध्ये बोटं घालायची नाहीत, जुने लोक घालायचे म्हणून आपण घालायची असं काही नसतं. प्रत्येक ट्रेला स्वतःचा चिमटा, चिमट्यांची अदलाबदल नाही.

आणि खुंटीवर लटकणारा तो एक टॉवेल, ज्याला सगळी बॅच हात पुसते, तो आजच्या आज काढून टाका. त्यात डेव्हलपर असतो, फिक्सर असतो, सगळं वाळून बसलेलं असतं, तुम्ही धुतलेले हात त्यालाच पुसता आणि तेच हात डोळ्याला लावता. पेपर नॅपकिन ठेवा किंवा प्रत्येकाने स्वतःचा रुमाल आणा. ॲप्रन पण घरी नेऊन बाकी कपड्यांपासून वेगळा धुवा.

हवेचं सांगायचं तर पुष्कळ कॉलेजांमध्ये डार्करूमला एसी असतो आणि लोकांना वाटतं झालं काम. स्प्लिट एसी आतलीच हवा फिरवतो, बाहेर काही टाकत नाही. तुम्हाला एक्झॉस्ट फॅन पाहिजे आणि ताजी हवा आत येईल अशी उजेड न येणारी जाळी दुसऱ्या बाजूला पाहिजे, नाहीतर एक्झॉस्ट नुसता घरघर करतो. तासाला खोलीतली हवा निदान १० वेळा बदलली पाहिजे असा ढोबळ हिशोब धरतात. फॅन कुठे आहे हेही बघा. तो ट्रेच्या पाठीमागे, ट्रेच्या उंचीला असला तर वाफ तुमच्यापासून लांब जाते, आणि छताजवळ तुमच्या डोक्यामागे असला तर ट्रेमधली सगळी वाफ तुमच्या नाकावरून वर जाते. कॉलेजकडे अर्ज करायचा असेल तर हा मुद्दा लिहून द्या.

ॲसिड फिक्सरमधून सल्फर डायऑक्साइड निघतो, नाकाला झोंबतो तो तोच. फिक्सर गरम झाला की जास्त निघतो, त्यात स्टॉप बाथ जास्त मिसळला तरी जास्त निघतो. म्हणून प्रिंट एका ट्रेमधून दुसऱ्यात टाकताना १०-१५ सेकंद कोपऱ्याला धरून निथळू द्यायची, याने केमिकल पण टिकतं. दमा असलेल्यांनी सरांना आधीच सांगावं, इन्हेलर खिशात ठेवावा, बॅगेत नाही कारण बॅग बाहेर असते. डोकं जड झालं, घसा खवखवायला लागला तर "एवढी एक प्रिंट काढून जातो" करायचं नाही, बाहेर यायचं.

सिंक घासताना टॉयलेट क्लीनर किंवा ब्लीच वापरू नका. टॉयलेट क्लीनरमधलं ॲसिड आणि सांडलेला फिक्सर एकत्र आले की सल्फर डायऑक्साइड भसकन सुटतो, ब्लीच आणि स्टॉप बाथ एकत्र आले की क्लोरीन. साधं पाणी आणि ब्रश पुरे. सफाईवाल्या मावशींना हे कोणी सांगत नाही, त्यांना सांगा, दारावर मराठीत मोठ्या अक्षरात लिहून लावा, कारण तुमच्यानंतर सगळ्यात आधी त्याच आत जातात.

सेपिया टोनिंगमध्ये, म्हणजे प्रिंटला तपकिरी रंग देताना, सोडियम सल्फाइड असतं, त्याला ॲसिड लागलं की सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड निघतो, आणि त्याची वाईट गोष्ट अशी की जास्त झाला की नाक बधिर होतं आणि वास येणंच थांबतं. ते काम गच्चीवर किंवा व्हरांड्यात करा. सायनोटाइपसाठी, म्हणजे निळ्या प्रिंटसाठी, लागणारं पोटॅशियम फेरिसायनाइड नाव ऐकायला भयंकर वाटतं पण नुसतं हाताळायला त्या मानाने साधं आहे, फक्त ते तीव्र ॲसिडबरोबर कधीच नाही आणि गरम तर नाहीच, कारण तेव्हा त्यातून खरंच सायनाइडचा वायू सुटतो. गम प्रिंट या जुन्या प्रिंटिंग पद्धतीचं पोटॅशियम डायक्रोमेट मात्र कॅन्सर करणारं आहे, कॉलेजात ते नसलेलंच बरं.

पाणी, वीज, अंधार

खोलीची एक बाजू ओली, एक कोरडी. एनलार्जर (निगेटिव्हवरून मोठी प्रिंट काढायचं मशीन), टायमर, पेपर, कटर कोरड्या बाजूला, ट्रे आणि सिंक ओल्या बाजूला, आणि मध्ये हात पुसल्याशिवाय पलीकडे जायचं नाही. एनलार्जरचा प्लग तीन पिनांचाच पाहिजे, वरची जाड पिन म्हणजे अर्थिंग, ती काढून दोन पिनांच्या सॉकेटमध्ये कोंबलेली दिसली तर त्या मशीनवर काम करू नका, तोंडाने सांगून थांबू नका, टेपवर "वापरू नये" लिहून चिकटवा. लाईन ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवर (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आहे का हे विचारा, आणि त्यावरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबून बघायला सांगा, दाबल्यावर पडला नाही तर तो खराब आहे. पावसाळ्यात भिंतीला ओल आली की बोर्डाला हात लावायच्या आधी बघा. एक्स्टेन्शन बोर्ड जमिनीवर ठेवायचा नाही आणि मोबाइल चार्जिंगला सिंकच्या कडेला तर नाहीच.

सांडलं की लगेच पुसायचं, नंतर नाही. डेव्हलपर जमिनीवर साबणासारखा निसरडा होतो, वाळला की त्याची भुकटी होते आणि पुढच्या आठवड्यात कोणाच्या तरी छातीत जाते. पेपर कटरचं पातं वापरून झालं की खाली करून कडी लावायची. फिल्म लोड करताना पूर्ण काळोख असतो, तेव्हा कात्री, रील, टाकी कुठे ठेवलीय ते आधी उजेडात हाताने चाचपून ठेवा. पायात चप्पल नको, बूट हवेत, आणि मोकळे केस, ओढणी बांधून आत यायचं.

आता जे सहसा कोणी बोलत नाही ते. बंद, अंधारी खोली आहे, आत मुलं-मुली एकत्र काम करतात. आतून कडी लावली तरी बाहेरून किल्लीने उघडता आली पाहिजे, कोणाला चक्कर आली तर त्यासाठी सुद्धा. बाहेर लाल बल्ब आणि दारावर टकटक केल्याशिवाय आत यायचं नाही हा नियम. कॉलेज सुटल्यावर एकट्याने थांबायचं नाही, आणि कोणाबरोबर आत काम करायचं नाही हे ठरवायचा हक्क प्रत्येकाला आहे, त्याचं कारण सांगायला लागू नये. कोणी अंधाराचा फायदा घेतला तर लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक कॉलेजात अंतर्गत तक्रार समिती असावीच लागते, तिच्या सदस्यांची नावं डार्करूमच्या दारावरच लावलेली असू देत.

वापरलेला फिक्सर गटारात ओतू नका. त्यात फिल्ममधून आणि पेपरमधून सुटलेली चांदी असते आणि ती पाण्यातल्या जिवांना मारते. झाकणाच्या कॅनमध्ये जमवा, कॅनवर लिहा, हायपोतून चांदी काढणारे लोक तो विकत नेतात. चांदी स्वतः काढायचे व्हिडिओ बघून लॅबमध्ये प्रयोग करू नका.

आणि आजोबांच्या ट्रंकेतल्या जुन्या निगेटिव्ह कोणी प्रिंट करायला आणल्या तर आधी कडेला "सेफ्टी" लिहिलंय का बघा. १९५० च्या आसपासपर्यंत नायट्रेटची फिल्म वापरात होती, ती पेटली की पाण्यात बुडवली तरी जळत राहते. पुण्यात जानेवारी २००३ मध्ये एफटीआयआय या फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या व्हॉल्टला आग लागून अशाच नायट्रेट फिल्मचा मोठा साठा गेला, आपल्या सिनेमाचा केवढा तरी इतिहास त्यात होता. पिवळी पडलेली, चिकट झालेली, उग्र वासाची निगेटिव्ह एनलार्जरमध्ये घालू नका, सरांना दाखवा.

स्टुडिओत

स्टुडिओत धोका डोक्यावर असतो. आपले बरेचसे कॉलेज स्टुडिओ म्हणजे मोठा वर्गच असतो आणि वर्गात सीलिंग फॅन असतात. बूमवर (आडव्या दांड्यावर) सॉफ्टबॉक्स (लाईट मऊ करणारी कापडी पेटी) लावून स्टँड वर करताना कोणाचं लक्ष पात्यांकडे नसतं. त्यामुळे शूट चालू असेपर्यंत पंखे बंद आणि रेग्युलेटरवर टेप. छत्री आणि सॉफ्टबॉक्स वाऱ्याला शिडासारखे भरतात, खिडकी उघडी असेल किंवा पेडेस्टल फॅन चालू असेल तर स्टँड आडवा होतो. प्रत्येक स्टँडवर सँडबॅग. सी-स्टँड (कमी-जास्त उंचीच्या पायांचा स्टँड) असेल तर सगळ्यात उंच पाय वजनाच्या खाली येईल असा फिरवायचा आणि सँडबॅग त्याच पायावर टाकायची. आर्मचा उघडा दांडा बरोबर डोळ्याच्या उंचीला येतो, त्यावर टेनिस बॉल कापून बसवा.

लोडचा हिशोब तोंडपाठ पाहिजे. वॅटला २३० ने भागायचं की अँपिअर येतात. साधं छोटं सॉकेट ६ अँपिअरचं, म्हणजे साधारण १३८० वॅट. ५०० चे तीन हॅलोजन एकाच बोर्डावर लावले की दीड हजार झाले, गेलं हिशोबाच्या बाहेर. १००० वॅटच्या लाईटला १६ अँपिअरचं मोठं सॉकेट आणि एका सॉकेटला एकच लाईट. गुंडाळलेली केबल पूर्ण सोडून वापरायची, गुंडाळीत ती तापून वितळते. चालायच्या वाटेवरची केबल गॅफर टेपने जमिनीला चिकटवायची, आणि एमसीबी (लोड जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) पडला तर तो परत वर करायच्या आधी का पडला ते शोधायचं.

हॅलोजनचा बल्ब उघड्या बोटाने धरायचा नाही, बोटाचं तेल लागलं की तिथे तापून तो फुटू शकतो. बंद केल्यावर निदान १५ मिनिटं गार होऊ द्या, मगच हलवा. आपल्याकडे रिफ्लेक्टर म्हणून सर्रास थर्माकोल वापरतात आणि तो हॅलोजनजवळ आधी वितळतो मग पेटतो, त्याचा धूर पण घातक. पडदा, साडी, थर्माकोल, पेपर रोल, काहीही गरम लाईटपासून चार फूट तरी लांब, आणि एसीचं पाणी ठिबकतंय तिथे लाईट नाही. आगीवर विजेच्या ठिकाणी पाणी मारायचं नाही, सीओटूचा सिलिंडर कुठे आहे आणि त्याची तारीख काय ते सेमिस्टरच्या पहिल्या दिवशी बघून ठेवा.

फ्लॅश युनिट, मग ते कुठल्याही कंपनीचं असो, उघडायचं नाही. प्लग काढला तरी आतल्या कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट तसेच बसलेले असतात आणि तो झटका जीवघेणा ठरू शकतो. ट्यूब बदलायची असेल तर स्विच बंद, चार्ज डंप (आत साठलेली वीज सोडून देणं), प्लग बाहेर, थांबा, मग ग्लोव्ह्ज घालून. समोर बसणाऱ्याला फ्लॅशने फिट येण्याचा त्रास आहे का हे आधी विचारा, सगळ्यांसमोर नाही, बाजूला घेऊन. मॉडेल म्हणून बसलेली मैत्रीण असो की बाहेरून आलेलं कोणी, कपडे बदलायला कडी असलेली जागा द्या, आणि तिने आणलेल्या सोबतीला बाहेर बसवू नका.

काही झालंच तर

डोळ्यात केमिकल गेलं तर चोळायचं नाही, नळ हळू सोडून पापणी उघडी धरून १५ मिनिटं सलग धुवायचं, घड्याळ लावून, आणि मग डॉक्टर. पोटात गेलं तर उलटी काढायची नाही, चूळ भरून थेट हॉस्पिटल, बाटली किंवा तिच्या लेबलचा फोटो बरोबर न्यायचा, तेव्हाच त्या टेपवर लिहिलेल्या ओळींचा उपयोग होतो. भाजलं तर २० मिनिटं नळाखाली, टूथपेस्ट नाही, हळद नाही. शॉक लागलेल्याला हाताने ओढायचं नाही, आधी मेन स्विच. ॲम्ब्युलन्सला १०८, आगीला १०१, काहीच आठवलं नाही तर ११२.

निघताना ट्रे रिकामे करून उलटे घालायचे, झाकणं घट्ट, लाईटचे प्लग बाहेर, चार्जिंगला लावलेल्या बॅटऱ्या काढायच्या आणि फुगलेली बॅटरी असेल तर ती कपाटात परत न ठेवता मामांच्या हातात द्यायची. दारामागच्या वहीत काय मिक्स केलं, काय संपलं, काय सांडलं, काय बिघडलं ते लिहायचं, तुमच्या हातून सांडलं असेल तरी लिहायचं, आणि दुसऱ्या दिवशी आत येणाऱ्याने पहिले दोन मिनिटं ती वही वाचल्याशिवाय सेफलाईट लावायचा नाही.